बर्फातल्या किडनीची डागडुजी : रक्तवाहिन्यांबद्दल वाचकांची प्रश्नोत्तरे

ब्रेनडेड दात्याची किडनी एका शरीरातून दुसऱ्या शरीरात पोहोचेपर्यंत तिचं काय काय होतं, यावर मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यात ‘बसवण्याआधी तिच्या रक्तवाहिन्या दुरुस्त कराव्या लागतात’ असं एक वाक्य ओघात आलं होतं. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांनी त्याच वाक्यावर बोट ठेवलं आहे. म्हणून या वेळी फक्त रक्तवाहिन्या.

उत्तरांकडे वळण्याआधी एक सांगतो. ही दुरुस्ती दोन जातींची असते. डोळ्यांना किंवा भिंगाला दिसणाऱ्या धमन्या-शिरांची दुरुस्ती आज सर्रास होते, आपल्या शहरांतही होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या केशवाहिन्यांची दुरुस्ती अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते आणि घरच्यांच्या मनात कधी भलती आशा, तर कधी भलती भीती बसते.

प्रश्न : माझ्या वडिलांना ब्रेनडेड दात्याची किडनी मिळाली. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, ‘किडनीला दोन धमन्या होत्या, त्यातली एक काढताना कापली गेली होती, आम्ही ती टेबलावर जोडून घेतली.’ म्हणजे आम्हाला दुय्यम दर्जाची किडनी मिळाली का? (सातारा)

नाही. सुमारे चार माणसांत एकाच्या तरी किडनीला एकापेक्षा जास्त धमन्या असतात. तो आजार नव्हे, शरीराची घडणच तशी असते. अवयव काढण्याचं ऑपरेशन बहुधा अपरात्री चालतं. यकृताची टीम, हृदयाची टीम, किडनीची टीम सगळ्या एकाच वेळी काम करत असतात. दोन-तीन मिलिमीटरची जास्तीची धमनी चरबीत दडलेली असते आणि कधी कधी ती कापली जाते. टाळता आली तर उत्तमच, पण तेवढ्यावरून किडनी वाया जात नाही.

पुढे काय होतं तेही सांगतो, कारण हा भाग घरच्यांना कधीच दिसत नाही. किडनी येते ती एकात एक घातलेल्या निर्जंतुक पिशव्यांमध्ये, बर्फाच्या पेटीतून. रुग्णाची तयारी एकीकडे चालू असते आणि बाजूच्या टेबलावर आम्ही किडनी उघडतो. आमच्या बोलीत याला ‘बेंच’ म्हणतात. स्टीलच्या भांड्यात निर्जंतुक बर्फाचा चुरा, त्यावर थंडगार प्रिझर्वेशन सोल्यूशन, म्हणजे अवयव टिकवणारं द्रावण, आणि त्यात बुडालेली किडनी. रक्त धुऊन काढलेलं असल्यामुळे ती लालभडक नसते, फिकट राखाडी दिसते. डोळ्यांवर भिंगांचा चष्मा असतो. थोड्या वेळात बोटं बधिर होतात, पण किडनी बर्फातून वर काढायची नसते.

वरची चरबी सोलायची, पण सरसकट नाही. किडनीचं खालचं टोक, तिचा देठ आणि मूत्रवाहिनी यांच्यामधला चरबीचा त्रिकोण तसाच ठेवायचा, कारण मूत्रवाहिनीला पोसणाऱ्या बारीक वाहिन्या तिथूनच जातात. मग धमनीत मऊ नळी सरकवून थंड द्रावण सोडायचं आणि बघत राहायचं. जिथून थेंब पाझरतो तिथे एखादी फांदी कापलेली असते. ती बांधायची किंवा तिथे टाका घालायचा. आत्ता नजरेतून सुटलेला थेंब रक्त सोडल्यावर कारंजं होऊन समोर येतो.

कापलेली धमनी कुठली होती, यावर पुढचा निर्णय ठरतो. किडनीच्या वरच्या टोकाला जाणारी अगदी बारीक फांदी असेल, तर कधी कधी ती सोडून देतात. किडनीचा एक छोटा कोपरा सुकतो, बाकीची किडनी काम करत राहते. खालच्या टोकाला जाणारी मात्र कितीही बारीक असली तरी जोडायचीच. मूत्रवाहिनीचा रक्तपुरवठा बहुधा तिच्यावरच असतो आणि ती गेली, तर काही दिवसांत मूत्रवाहिनी कुजून लघवी पोटात गळू लागते. जोडणी दोन-तीन तऱ्हांनी होते. दोन्ही धमन्यांची तोंडं शेजारी शेजारी शिवून एक रुंद तोंड करतात, किंवा बारीक धमनी मोठीच्या कुशीत शिवतात. धमनी आखूड पडली, तर त्याच दात्याच्या ओटीपोटातून काढून ठेवलेल्या रक्तवाहिनीचा तुकडा मध्ये जोडतात. हुशार रिट्रिव्हल टीम, म्हणजे दात्याचे अवयव काढणारी टीम, हा तुकडा न मागता बाटलीत घालून पाठवते. अशा टीमचं काम हातात आलं की बरं वाटतं.

ही विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियों शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटली होती आणि ती शिवण्याचं तंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं. त्याच शहरातल्या अलेक्सी कारेल या तरुण डॉक्टरने पुढे रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धत बसवली आणि १९०२ मध्ये ती प्रसिद्ध केली. बारीक सुई हाताळायला तो लियोंमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकला, असं सांगतात. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. धमनी महाधमनीच्या छोट्या चकतीसकट कापून घ्यायची आणि ती चकतीच रुग्णाच्या धमनीला शिवायची, याला आम्ही आजही ‘कारेल पॅच’ म्हणतो. दोन-तीन धमन्या एकाच चकतीवर आल्या, तर वेगवेगळे जोड घालावेच लागत नाहीत.

खरं सांगायचं, तर मला कापलेल्या धमनीची तेवढी धास्ती वाटत नाही. ती दिसते आणि दिसतं ते शिवता येतं. धास्ती वाटते ती बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या, पण आतून उकललेल्या धमनीची. किडनी काढताना तिला जरा जास्त ताण बसला, तर धमनीच्या सर्वांत आतल्या पापुद्र्याला आडवी चीर जाते. बाहेरचा थर शाबूत राहतो, त्यामुळे वरून काही कळत नाही. रक्त सुरू झालं की ते त्या चिरेखाली घुसतं, पापुद्रा झडपेसारखा उचलला जातो, वाट बंद होते आणि काही तासांत गुठळी धरते. म्हणून बेंचवर धमनीचं तोंड हलकेच उघडून आत बघायचंच. चीर तोंडापाशी असेल तर तेवढा भाग कापून टाकायचा. जरा आत असेल तर सेव्हन-झीरो प्रोलीनच्या, म्हणजे केसाएवढ्या बारीक धाग्याच्या टाक्यांनी पापुद्रा पुन्हा भिंतीला टाचायचा. वयस्कर दात्याच्या धमनीच्या तोंडाशी चुन्यासारखा कडक थर साचलेला असतो. तोही कापून मऊ भाग लागेपर्यंत मागे यावं लागतं.

तुमच्या वडिलांच्या सर्जनने हे तुम्हाला आपणहून सांगितलं, ही चांगली खूण आहे.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटची किडनी बसवली, जोड उत्तम झाला, डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्त नीट जात होतं. तरी आठ-दहा दिवस लघवी झाली नाही, डायलिसिस चालू ठेवावं लागलं. नळ्या नीट असताना बिघडलं काय? (नाशिक)

तुमचा प्रश्न या सगळ्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉप्लरमध्ये दिसतात त्या मोठ्या वाहिन्या. किडनीचं खरं काम चालतं ते त्यांच्या पुढे, लाल पेशीला जेमतेम वाट मिळेल एवढ्या, म्हणजे पाच ते दहा मायक्रॉनच्या केशवाहिन्यांत. एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, मिनिटाला एक लिटरहून जास्त रक्त, स्वतःकडे ओढून घेतात. या जाळ्याला आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं, ते एंडोथेलियम. आणि त्या पेशींवर साखर-प्रथिनांचा एक अतिशय तलम लेप असतो, तो ग्लायकोकॅलिक्स. शेणाने सारवलेली जमीन आठवा. सारवण शाबूत आहे तोवर माती उडत नाही, घसारा होत नाही. ते उकललं की पाऊल टाकावं तिथे पोपडे निघतात. या लेपाचं काम तसंच आहे. तो आहे तोवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत, प्लेटलेट गोळा होत नाहीत, रक्त गोठत नाही.

आता दात्याची बाजू बघा. ब्रेनडेथच्या वेळी शरीरात ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा येतो, रक्तदाब आधी भडकतो, मग कोसळतो आणि सगळीकडे दाह सुरू होतो. म्हणजे किडनी बर्फात जाण्याआधीच हा लेप विरळ व्हायला लागलेला असतो. बर्फात चयापचय दहाव्या हिश्शावर येतो. म्हणूनच ती तासन्‌तास टिकते, पण पेशींचे सोडियम-पोटॅशियम पंप थंडावतात आणि पेशी फुगतात. केशवाहिनी आतल्या आत अरुंद होते. सर्वांत मोठा मार बसतो तो रक्त परत आल्यावर. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या, पण उपाशी राहिलेल्या मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट नावाचं द्रव्य साचलेलं असतं. ऑक्सिजन मिळताच ते भराभर जळतं आणि त्यातून निघणारे जहाल ऑक्सिजन-कण अस्तरालाच भाजून काढतात. लेपाचे तुकडे सुटून रक्तात वाहू लागतात, कॉम्प्लिमेंट ही रक्तातली संरक्षक प्रथिनांची यंत्रणा जागी होते, सूक्ष्म गुठळ्या होतात. मोठ्या धमनीत रक्त जोरात वाहत असतं आणि त्याच वेळी आतल्या कित्येक गल्ल्या कोरड्या असतात.

किडनीच्या रचनेत आणखी एक मेख आहे. लघवीच्या नलिकांना रक्त मिळतं ते गाळणीतून बाहेर पडलेलं. वर वाट बंद झाली की खाली नलिकेच्या पेशी उपाशी मरतात. नव्या पेशी येईपर्यंत लघवी होत नाही. पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागलं तर त्याला आपण ‘डीजीएफ’ (डिलेड ग्राफ्ट फंक्शन), म्हणजे बसवलेली किडनी उशिरा सुरू होणं, म्हणतो. यातल्या बहुतेक किडन्या नंतर सुरू होतात, हे तुमच्या पेशंटला आणि घरच्यांना जरूर सांगा. त्या दिवसांत ते फार घाबरलेले असतात आणि त्यांच्याशी सर्वांत जास्त बोलणं तुमचंच होतं.

जिवंत दात्याची किडनी टेबलावरच लघवी करू लागते आणि ब्रेनडेड दात्याची दहा दिवस घेते, त्यातल्या बऱ्याचशा फरकाचं कारण इथेच आहे. जिवंत दात्याकडे ब्रेनडेथचं वादळ नसतं आणि किडनी बर्फात फार तर तास-दोन तास असते.

प्रश्न : मी लंडनजवळ राहतो. माझा आतेभाऊ पुण्यात वेटिंग लिस्टवर आहे. इकडे वाचलं की किडनी मशीनवर ठेवून, औषध सोडून तिच्या रक्तवाहिन्या आतून दुरुस्त करता येतात. हे कितपत खरं आहे? (स्लाव, इंग्लंड)

दिशा खरी आहे, पण ‘करता येतात’ म्हणायची वेळ अजून आलेली नाही.

किडनी शरीराबाहेर असते ते तास आजवर नुसते नुकसानीचे मानले गेले. तेच तास उपचारासाठी वापरायचे, ही यामागची कल्पना. त्यात एक मोठी सोय आहे. औषध फक्त किडनीला मिळतं. रुग्णाच्या अंगात दिलं तर रक्तस्राव घडवेल असं औषधही इथे देता येतं आणि नंतर धुऊन टाकता येतं.

मशीन नवीन नाही. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फोकर्ट बेल्झर यांनी कुत्र्याची किडनी थंड पंपावर, म्हणजे तिच्यातून थंड द्रावण फिरवत ठेवून, ७२ तास टिकवून दाखवली होती. पण दोनच वर्षांत जेफ्री कॉलिन्स यांचं द्रावण आलं. पिशवी, द्रावण आणि बर्फ एवढ्यावर भागू लागलं आणि अवजड पंप मागे पडले. त्यांना पुन्हा मान मिळाला तो २००९ मध्ये, युरोपातल्या एका चोख चाचणीमुळे. ३३६ दाते घेतले आणि प्रत्येकाची एक किडनी पंपावर, दुसरी बर्फात ठेवली. एकाच माणसाच्या दोन किडन्या असल्यामुळे तुलनेत खोट नव्हती. डीजीएफ बर्फात २६.५ टक्के, पंपावर २०.८ टक्के. वर्षानंतर चालू असलेल्या किडन्या अनुक्रमे ९० आणि ९४ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे.

पुढची पायरी म्हणजे किडनी शरीराच्या तापमानाला आणून तिच्यातून ऑक्सिजन भरलेल्या लाल पेशी फिरवायच्या. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मायकेल निकल्सन आणि सारा हॉसगुड यांनी हे माणसाच्या किडनीवर करून ती बसवली आणि २०११ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. ते नंतर केंब्रिजला गेले. ऊबदार किडनीत पेशी जाग्या असतात, म्हणून औषध लागू पडू शकतं आणि ते पडलं की नाही हेही बघता येतं : रंग परततो का, रक्त किती वाहतं, लघवी किती होते.

याच सोयीचा उपयोग अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने केंब्रिजसोबत केला. प्रत्यारोपणासाठी नाकारलेल्या मानवी किडन्यांमध्ये त्यांनी अतिसूक्ष्म कण सोडले. अस्तराच्या पेशींवर सीडी-३१ नावाचं प्रथिन असतं, ते ओळखून चिकटणारी प्रतिपिंडं त्या कणांवर बसवली होती. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की असे कण साध्या कणांपेक्षा कित्येक पटींनी जास्त प्रमाणात अस्तराला धरून राहतात. म्हणजे औषध नेमकं जखमेवर पोहोचवण्याची गाडी तयार झाली. मला मात्र या कामातली पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. कण सगळीकडे सारखे पोहोचत नव्हते. काही भागांत केशवाहिन्याच तुंबलेल्या होत्या. शोध घेतला तेव्हा कळलं की थंडीत साठवल्यावर लाल पेशी आणि फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन यांचे बोळे तयार होतात. मग २०२१ मध्ये त्यांनी गुठळी विरघळवणारं टीपीए आणि सोबत ते ज्याच्यावर काम करतं ते प्लास्मिनोजेन हे प्रथिन मशीनमधूनच सोडून हे बोळे मोकळे करून दाखवले. हार्ट अटॅक आणि पक्षाघातात टीपीए वापरतात, हे तुम्हाला माहीत असेल. आधी वाट मोकळी, मग औषध, हा क्रम त्यातून हाती आला.

स्वीडनमध्ये उप्साला इथे आणखी वेगळा प्रयत्न चालू आहे. हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे बरेच रेणू एका साखळीला जोडून तयार केलेलं द्रव्य थंड पंपावरच्या किडनीतून फिरवायचं, म्हणजे जिथे लेप उडाला आहे तिथे ते जाऊन बसतं. उकललेली जमीन पुन्हा सारवावी तसंच. डुकराच्या किडन्यांवर यामुळे सुरुवातीची इजा कमी झालेली दिसली.

आता दुसरी बाजू, जी बातम्यांत येत नाही. इंग्लंडमध्ये कॉम्प्लिमेंट यंत्रणेला आवर घालणारं मिरोकॉसेप्ट नावाचं औषध बेंचवरच किडनीत सोडून बघितलं. कल्पना सुरेख होती, पण चाचणीत डीजीएफ कमी झाला नाही. आणि ऊबदार मशीनची मोठी ब्रिटिश चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदय बंद पडून मृत्यू झालेल्या दात्यांच्या किडन्या, ३३८ रुग्ण, बसवण्याआधी तासभर ऊबदार मशीन विरुद्ध नुसता बर्फ. डीजीएफ अनुक्रमे ६०.७ आणि ५८.३ टक्के. म्हणजे फरक शून्य. मशीन सुरक्षित ठरलं, पण एक तास नुसतं ऊबेत ठेवल्याने डीजीएफ कमी होत नाही, एवढं दिसलं. अशी नकारात्मक उत्तरं प्रामाणिकपणे छापली जातात, म्हणून मला या क्षेत्राबद्दल विश्वास वाटतो. मशीन जास्त वेळ चालवून त्यात योग्य औषध दिलं तर काय होतं, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो खुला आहे.

आतेभावाला सांगा, यासाठी थांबू नकोस. नंबर आला आणि टीम ‘किडनी चांगली आहे’ म्हणाली, तर बर्फातली किडनी घे.

प्रश्न : एका एजंटाने सांगितलं की काही लाख भरले तर किडनी बसवण्याआधी तिच्यात ‘रक्तवाहिन्या नव्या करणारं स्टेम सेल इंजेक्शन’ देतात. भरावेत का? (सोलापूर)

अजिबात भरू नका. असं कोणतंही इंजेक्शन मान्यताप्राप्त उपचारात नाही. एखादं औषध खरोखर चाचणीत असेल, तर रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. लेखी संमती घेतात, नैतिकता समितीची मंजुरी असते आणि चाचणीची सरकारी नोंदणी असते. आणि प्रत्यारोपणात एजंट आला तिथेच थांबायचं. १९९४ च्या कायद्याने अवयवांचा व्यवहार गुन्हा आहे. ब्रेनडेड दात्याची किडनी झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, यादीनुसारच मिळते, मध्यस्थाचं तिथे कामच नाही.

पैसे न लागता अस्तर वाचवणारी गोष्ट तुमच्या हातात आहे : वेळ. फोन रात्रीही चालू ठेवा, दुसरा नंबर नोंदवून ठेवा. क्रॉसमॅचसाठीचा, म्हणजे दात्याशी रक्त जुळतं का हे बघण्यासाठीचा, रक्ताचा नमुना, हृदयाची तपासणी, दातांची तपासणी मुदतीत करून घ्या. बोलावणं आलं की काही न खाता लगेच निघा आणि शेवटचं डायलिसिस कधी झालं ते सांगा. सोलापूरहून पुण्याला पोहोचायला लागणारे तास किडनी बर्फातच काढत असते. ‘सकाळी निघतो’ म्हणणाऱ्या कुटुंबांची मला फार काळजी वाटते.

प्रश्न : अपघातानंतर माझ्या मिस्टरांचे अवयव आम्ही दान केले. नंतर कळलं की यकृत आणि एक किडनी बसवली, दुसरी वापरली नाही. ती का टाकली, हा विचार मनातून जात नाही. (नागपूर)

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. जे दिलंत त्यातून दोन माणसं उभी राहिली. तरीही हा सल समजण्यासारखा आहे.

तुमच्या केसचं नेमकं कारण मला इथून सांगता येणार नाही, पण ते कागदावर नोंदलेलं असतं. ज्या हॉस्पिटलमध्ये दान झालं तिथल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला विचारा. विचारण्यात संकोच करू नका, तो तुमचा अधिकारच आहे.

एकाच माणसाची एक किडनी चालते आणि दुसरी नाही, याची कारणं बहुधा रक्तवाहिन्यांतच असतात. अपघातात किडनीच्या देठाला हिसका बसून आतला पापुद्रा फाटलेला असू शकतो. द्रावणाने धुतल्यावर एक किडनी एकसारखी फिकट होते आणि दुसरीवर जांभळे पट्टे राहतात, म्हणजे तिथे द्रावण पोहोचलंच नाही. अशा वेळी सुईने किंवा पातळ काप घेऊन बायोप्सी करतात. किती गाळण्या वठल्या आहेत, बारीक धमन्या किती जाड झाल्या आहेत हे बघतात. डोक्याला मार लागलेल्या दात्यांच्या गाळण्यांत कधी कधी सूक्ष्म गुठळ्या सापडतात. पूर्वी अशी किडनी लगेच नाकारली जायची. आता माहीत झालं आहे की दाता तरुण असेल आणि बाकी किडनी निरोगी असेल, तर नव्या शरीरात या गुठळ्या बहुतेकदा आपोआप विरघळतात. तरी दर वेळी सर्जनला समोर झोपलेल्या रुग्णाचा धोका तोलावा लागतो आणि तो निर्णय मध्यरात्री, अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो.

अमेरिकेत मृत दात्यांकडून मिळालेल्या किडन्यांपैकी साधारण चौथा हिस्सा न वापरता राहतो. मला हे फार लागतं. वर ज्या येल-केंब्रिजच्या कामाबद्दल लिहिलं, ते अशाच नाकारलेल्या किडन्यांवर झालं आहे. आज नाकारली जाणारी किडनी उद्या मशीनवर तपासून, वाट मोकळी करून बसवता यावी, यासाठीच ही सगळी धडपड चालली आहे.

प्रश्न : मुलाला किडनी द्यायची माझी तयारी आहे. वय ५७. सीटी अँजिओग्राफीत डाव्या किडनीला तीन धमन्या, उजवीला एक धमनी, पण तोंडाशी थोडं कॅल्शियम दिसलं. डॉक्टर उजवी घ्यायची म्हणतात. डावीच घेतात ना? (कोल्हापूर)

शक्यतो डावी घेतात, कारण डाव्या किडनीची शीर लांब असते आणि जोड सोपा जातो. उजवीची शीर आखूड आणि पातळ. पण तीन जोड म्हणजे बेंचवर जास्त वेळ आणि गुठळीची शक्यता थोडी जास्त. एक धमनी आणि आखूड शीर हे त्यापेक्षा सोपं पडू शकतं. आखूड शीर बेंचवर लांबवता येते. धमनीच्या तोंडाशी असलेला कॅल्शियमचा भाग जिवंत दात्यात महाधमनीलाच सोडून त्याच्या पुढे कापतात. जिवंत दात्याकडून कारेल पॅच कधीच घेत नाहीत, तुमच्या महाधमनीला हात लावायचा नसतो.

मात्र दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो तुम्ही विचारला नाहीत, म्हणून मी विचारतो. ते कॅल्शियम तुमच्याबद्दल काय सांगतंय? तुमची साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, हृदय यांची पूर्ण तपासणी झाली का? दोन्ही किडन्यांत थोडा जरी फरक असेल, तर चांगली किडनी दात्याकडे ठेवायची, हा आमचा नियम आहे. आई म्हणून तुम्ही ‘चांगली त्याला द्या’ म्हणाल. आम्ही ते ऐकत नाही.

प्रश्न : प्रत्यारोपणाला आठ महिने झाले. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) १.३ होतं. बीपी अचानक वाढलं, त्यासाठी टेल्मिसार्टन ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन २.१ झालं. बेंचवर धमनी दुरुस्त केली होती, तिचाच हा परिणाम का? (ठाणे)

असू शकतो, आणि ते या आठवड्यातच तपासायला हवं. जोडापाशी किंवा जरा पुढे धमनी आकसली तर किडनीला रक्त कमी पडतं, ती शरीराला ‘दाब वाढव’ असा निरोप धाडते आणि बीपी चढतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गटांतल्या गोळ्या नेमका तोच निरोप अडवतात. मग गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन वर जातं. हे बहुधा तिसऱ्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात दिसतं. पण क्रिएटिनिन वाढायला रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं), ते रोखणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी, किडनीला बाधा करणारा बीके विषाणू अशीही कारणं असतात, म्हणून स्वतः अंदाज बांधू नका आणि गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. आजच फोन करून विचारा.

आधी डॉप्लर होईल. तिथे संशय आला तर अँजिओग्राफी, आणि धमनी खरंच अरुंद असेल तर फुगा किंवा स्टेंट. तो बहुतेकदा चांगला लागू पडतो. जाताना डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोटची प्रत न्या. किती धमन्या होत्या, कुठली कुठे जोडली, पॅच होता का, हे त्यात लिहिलेलं असतं. डॉप्लर करणाऱ्या डॉक्टरला ते आधी दाखवा, म्हणजे दुसरी धमनी शोधायची राहून जाणार नाही.